मूठभर तूस

रोवणीचे दिवस होते. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एका गावात काकूंच्या कोंबड्यांच्या शेडवर पोहोचलो, तेव्हा पावसाची झड लागली होती. शेडचे पडदे दोन दिवस बंदच होते. आत चार आठवड्यांची पिल्लं. काही पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली. खाली अंथरलेल्या तुसावर जागोजागी रक्ताळलेली विष्ठा. "रक्ती हगवन लागली," काकू म्हणाल्या.

सोबतच्या पशुवैद्यकांनी मेलेलं पिल्लू उघडलं. आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या फुगून जांभळट झाल्या होत्या. चीर देताच रक्ताच्या गुठळ्या बाहेर आल्या. हे आयमेरिया टेनेला या परजीवीचं काम. कोंबडीला गाठणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती पूर्वापार मानल्या जातात आणि आतड्यातली प्रत्येकीची जागा ठरलेली असते.

विष्ठेतून पडणारी या परजीवीची पुटी ताजी असताना निरुपद्रवी असते. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकते. पिल्लाने टिपली की परजीवी आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्त दिसतं. सातव्याच्या सुमारास नव्या पुट्या पडू लागतात. पुटीचं कवच इतकं चिवट, की नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाही.

मग वाचलेली पिल्लं वाचतात कशी? 1956 साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी दाखवलं, की कोंबडीच्या शेपटीजवळच्या 'बर्सा' या अवयवाचा प्रतिपिंडांशी थेट संबंध आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या 'बी' पेशींमधला 'बी' या बर्साचाच. पण बर्सा काढून टाकलेली कोंबडीही आयमेरियाला रोखायला शिकते. म्हणजे इथे मुख्य भार प्रतिपिंडांवर नाही, तर आतड्याच्या भिंतीतल्या 'टी' या रोगप्रतिकारक पेशींवर असतो. त्या शत्रूला भेटल्याशिवाय शिकत नाहीत, आणि शिकतात तेही त्याच जातीपुरतं. टेनेला पचवलेलं पिल्लू दुसऱ्या जातीपुढे कोरंच.

कोंबड्यांच्या या रोगाची लसही म्हणूनच जिवंत पुट्यांची असते. अमेरिकेत ती 1952 पासून आहे. पहिला डोस थोडासा. पुढचे डोस पिल्लं तुसातूनच टिपतात. तूस अगदी कोरडं असेल तर पुट्या पिकत नाहीत आणि धडा अर्धवट राहतो. चिंब असेल तर पिल्लापुढे एकदम हजारो पुट्या येतात. तेच तूस लस, तेच विष.

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. राइस मिलचं तूस हाताशी असतं. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम द्यायला सांगितलं. ते बी-1 जीवनसत्त्वासारखं दिसतं, त्यामुळे परजीवी फसतो. पण त्याआधी त्यांनी पाण्याच्या भांड्यांभोवतालचं ओलं तूस उचलायला लावलं, नवं पसरायला लावलं आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचे पडदे उघडवले.

निघताना काकूंनी मूठभर तूस दाबून पाहिलं. "मूठ सोडली का तूस सुटाले पायजे," त्या म्हणाल्या. "लाडू झाला त समजा पानी जास्त."

पावसाळ्यात पिल्लं पाळत असाल, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी रोज एकदा शेडमध्ये वाका आणि ही मूठ दाबून पाहा.