रजोनिवृत्ती व संप्रेरक चिकित्सा : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

सुश्रुताचार्यांनी रजोनिवृत्तीचे वय ५० वर्षे सांगितले आहे. या काळातील दाह, अतिस्वेद व निद्रानाश यांवर आधुनिक वैद्यकात इस्ट्रोजेन देतात. गर्भाशय असलेल्या स्त्रीस केवळ इस्ट्रोजेन दिल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग संभवतो. म्हणून प्रोजेस्टेरॉनची जोड आवश्यक ठरते. अशा संयुक्त चिकित्सेचा १६,६०८ अमेरिकन स्त्रियांवरील अभ्यास स्तनांचा कर्करोग वाढल्याने २००२ साली मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील निरोगी स्त्रीस तीव्र लक्षणे असता लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक मानला जातो. म्हणून वैद्यांनी रुग्णेच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. औषधविक्रेत्यांनीही त्या चिठ्ठीविना देऊ नयेत. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास रक्तप्रदर समजून अशोकारिष्ट देण्यापूर्वी गर्भाशयाची तपासणी अवश्य करून घ्यावी.