धडधड आवरणारी गोळी

रस्त्यावरचं कुत्रं अंगावर धावून आलं की छाती धडधडू लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं आणि हृदय भराभर, जोराने आकुंचन पावू लागतं. गंमत अशी, की हेच अ‍ॅड्रेनलिन त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि श्वासनलिका मात्र सैल करतं. एकच रसायन उलटसुलट कामं कशी करतं?

अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड अहलक्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातली सहा रसायनं प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांवर तपासली. त्यावरून १९४८ साली त्यांनी मांडलं, की शरीरात या रसायनांसाठी ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ असे दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप आणि रसायन ही त्याची किल्ली. हृदयात मुख्यतः बीटा कुलपं असतात. ती उघडली, की स्नायूच्या पेशीत जास्त कॅल्शियम शिरतं आणि आकुंचनाचा जोर वाढतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की हा वाढलेला जोर त्याला झेपत नाही, छातीत दुखतं. रक्तपुरवठा वाढवण्याऐवजी हृदयाची मागणीच कमी करावी, असं स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी ठरवलं. त्यांना हवी होती कुलपात बसणारी, पण ते न उघडणारी किल्ली. त्यांचं सुरुवातीचं औषध उंदरांमध्ये गाठी निर्माण करतं असं आढळल्यावर मागे पडलं. त्यानंतरचं प्रोप्रॅनोलॉल मात्र टिकलं. १९८८ च्या नोबेल पुरस्कारात ब्लॅक यांचा वाटा होता.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही याच ‘बीटा ब्लॉकर’ घराण्यातली औषधं आज अनेक आजीआजोबांच्या औषधांच्या डब्यात असतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा गावाला जाताना गोळ्या राहिल्या म्हणून ती एकदम बंद होतात. इथेच धोका आहे. कुलपं अडवलेली राहिली, की हृदयाच्या पेशी आणखी कुलपं तयार करतात. गोळी अचानक थांबली, की अ‍ॅड्रेनलिनला ती सगळी मोकळी सापडतात. नाडी धावते, छातीतलं दुखणं उसळतं, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो. म्हणून डॉक्टर हा डोस हळूहळू उतरवतात.

दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण श्वासनलिकाही बीटा कुलपांमुळेच सैल होतात. मधुमेहींनी ध्यानात ठेवावं, की साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड या गोळीमुळे जाणवेनाशी होऊ शकते.

प्रवासाच्या बॅगेत चार गोळ्या जास्तच ठेवा.