दुकानासाठी छोटा संगणक : घेण्यापूर्वी बोर्ड समजून घ्या

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. त्यामुळे वर्षानुवर्षे गल्ल्याशेजारी बसून इमानेइतबारे बिले काढणारा संगणक बदलण्याची वेळ अनेक दुकानदारांवर आली आहे.

अशा वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या संगणक-दुकानात चौकशीला गेले की एक छोटा बोर्ड समोर ठेवला जातो. "प्रोसेसर यावरच बसवलेला आहे, वेगळा घ्यावा लागत नाही, वीजही कमी लागते," असे सांगितले जाते. हे सर्व खरे आहे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते आणि पुढे तोटा होतो तो तिच्यामुळेच.

हा बोर्ड म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकात मदरबोर्डवर प्रोसेसरसाठी खाच असते. तिला सॉकेट म्हणतात. प्रोसेसर वेगळा विकत घ्यायचा आणि सॉकेटमध्ये बसवायचा. बिघडला किंवा जुना झाला तर काढून दुसरा बसवता येतो.

लॅपटॉप पातळ असतो, त्यात सॉकेटला जागा नसते. म्हणून आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर थेट सोल्डर केलेला असतो. त्याच्या पोटाशी कथिलाच्या बारीक गोळ्यांच्या रांगा असतात. त्या वितळवून तो बोर्डाला कायमचा जोडतात. याला बीजीए पद्धत म्हणतात. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना ही पद्धत आणि रिबॉलिंगचे काम चांगले ठाऊक आहे.

असाच कमी वीज घेणारा किंवा लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपच्या छोट्या बोर्डावर बसवला की आपला विषय तयार होतो. या बोर्डांचे प्रचलित माप मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंटिमीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद. एका वितीपेक्षाही लहान. हे माप तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली आणले. २००८ साली इंटेलने अ‍ॅटम प्रोसेसर सोल्डर केलेले बोर्ड बाजारात आणले. ते स्वस्त होते, पण फार मंद होते. आज ती परिस्थिती राहिलेली नाही.

दोन प्रकार, दोन कामे

पहिला प्रकार साध्या कामाचा. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० प्रोसेसर याचे चांगले उदाहरण आहे. त्याला चार कोअर आहेत आणि त्याची नेमून दिलेली वीजमर्यादा अवघी ६ वॅट आहे. असूस आणि अ‍ॅसरॉक या कंपन्यांनी त्याचे मिनी-आयटीएक्स बोर्ड काढले आहेत. बिले, हिशेब, जीएसटीचे विवरण, ई-मेल, बारकोड वाचणे, पावती छापणे या कामांना तो पुरेसा आहे. काही बोर्डांवर पंखाही नसतो, नुसता धातूचा उष्णताशोषक असतो. मालेगाव-भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे हवेत सुताची धूळ उडते, तिथे ही मोठी सोय आहे, कारण अडकून बंद पडायला पंखाच नाही. तरी पात्यांवर धूळ साचते. ती दर महिना-दोन महिन्यांनी ब्रशने काढावीच.

दुसरा प्रकार भारी कामाचा. मिनिसफोरम कंपनीच्या बीडी७९०आय बोर्डावर एएमडीचा रायझेन ९ ७९४५एचएक्स हा लॅपटॉपचा प्रोसेसर येतो. त्याला १६ कोअर आहेत. एएमडीच्या डेस्कटॉपच्या ७९५०एक्स प्रोसेसरलाही १६ कोअरच आहेत, पण त्याची वीजमर्यादा १७० वॅट आहे आणि या लॅपटॉप-प्रोसेसरची मूळ मर्यादा ५५ वॅट. वेग थोडा कमी मिळतो, पण वीज आणि उष्णता पुष्कळ वाचते. लग्नाच्या व्हिडिओचे संपादन करणारे किंवा छपाईचे डिझाइन करणारे यांनी याचा विचार करावा. नुसत्या बिलांसाठी हा घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

विजेचा हिशेब

समजा, जुना संगणक सरासरी ६० वॅट वीज घेतो आणि नवा छोटा संगणक १५ वॅट. (मॉनिटर दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो धरलेला नाही.) दिवसाला १० तास चालवला तर रोज ४५० वॅट-तास, म्हणजे ०.४५ युनिट वाचते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १३५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,३५० रुपये. आपल्या बिलावरचा दर घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. शिवाय वीज गेली की तोच इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो, हा वेगळा फायदा.

तोटा कुठे आहे?

आता ती राहून गेलेली गोष्ट. या व्यवहारात प्रोसेसर आणि बोर्ड यांचे आयुष्य एकच असते. नेहमीच्या संगणकाचा बोर्ड जळाला तर प्रोसेसर बहुधा वाचतो आणि दुसऱ्या बोर्डावर चालतो. इथे बोर्ड गेला की प्रोसेसरही गेला. मेमरी आणि एसएसडी तेवढी हाती राहते. कुशल कारागीर बीजीए मशीनवर प्रोसेसर काढू-बसवू शकतो, पण स्वस्त बोर्डासाठी ती मजुरी परवडत नाही. पुढे काम वाढले म्हणून मोठा प्रोसेसर घालावा, तर तेही शक्य नाही. म्हणून आजचे नव्हे, तर पुढच्या पाच वर्षांचे काम डोळ्यांपुढे ठेवून बोर्ड निवडावा.

याचा अर्थ असा की या बोर्डाच्या किमतीइतकीच त्याची वॉरंटी महत्त्वाची आहे. परदेशातून पार्सलने मागवलेला बोर्ड दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. पण बिघडला तर परत पाठवण्याचा खर्च, जकात आणि महिनाभर बंद पडलेले काम यांत ती बचत बुडते. भारतात सेवा देणाऱ्या कंपनीचा बोर्ड पक्क्या बिलावर घेणे केव्हाही चांगले.

आणखी एक सावधगिरी. फार स्वस्त विकल्या जाणाऱ्या काही बोर्डांवर इंटेलचे "इंजिनिअरिंग सॅम्पल" प्रोसेसर बसवलेले असतात. हे नमुने इंटेल चाचणीसाठी इतर उत्पादकांना देते. ते विक्रीसाठी नसतात आणि ग्राहकाला त्यांच्यावर इंटेलची वॉरंटी मिळत नाही. वर्णनात "ईएस" किंवा "क्यूएस" ही अक्षरे दिसली, किंवा प्रोसेसरच्या नावाच्या जागी नुसती शून्ये दिसली, तर तिथेच थांबून विचारावे.

घेताना विचारायचे प्रश्न

मेमरी लॅपटॉपची लागते की डेस्कटॉपची? दोन्ही मापे वेगळी आहेत आणि एकाच प्रोसेसरच्या दोन बोर्डांवर वेगवेगळी असू शकतात. वीज लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर घेतो की नेहमीचा पॉवर सप्लाय लागतो? अ‍ॅडाप्टरची पिन गावात मिळणारी आहे का? आपला जुना प्रिंटर सिरीयल किंवा पॅरलल पोर्टचा असेल तर तो पोर्ट बोर्डावर आहे का? सोबत पंखा येतो का? बीडी७९०आयसारख्या बोर्डावर उष्णताशोषक बसवलेला येतो, पण पंखा वेगळा घ्यावा लागतो. वॉरंटी किती वर्षांची आणि माल कोणत्या शहरात जमा करायचा?

संगणक जोडून विकणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द. हा चांगला जोडधंदा आहे, कारण गावोगावी दुकानदारांना असाच छोटा, शांत आणि कमी खर्चाचा संगणक हवा आहे. मात्र प्रोसेसर बदलता येत नाही, हे विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगावे आणि बिलावर लिहून द्यावे. ऐब सांगून विकलेल्या मालाचे भांडण होत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजारच्या दुकानदारालाही घेऊन येते.