नवी नाव, पहिली फेरी

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या उज्जैनीत राहून मी नावेविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु नाव येथे अपरिचित नाही. रामघाट आणि समोरचा दत्त आखाडा घाट यांच्यामध्ये यात्रेकरूंच्या नावा फिरत असतात. मात्र ते पाणी स्नानाचे आणि पूजेचे; तेथे गळ टाकणे शोभत नाही. म्हणून एका शिक्षकमित्राने व मी मिळून एक लहानशी नाव घेतली आणि परवानगी काढून गावाबाहेरच्या तलावावर जाऊ लागलो.

नाव लाकडाची घ्यावी की फायबरची, हा पहिला प्रश्न. लाकडी नाव पाण्यात राहिली तर फळ्या फुगून सांधे घट्ट बसतात. माळव्याच्या उन्हाळ्यात कोरडी पडली तर त्याच फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. आमची नाव महिन्यातून दोनदाच पाण्यात जाणार, म्हणून आम्ही फायबरची पसंत केली. इंजिन लावले नाही. ज्यांना ते लावावयाचे असेल त्यांनी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यान्वये नोंदणीची चौकशी आधी करावी.

विकणारा म्हणाला, “पाच माणसे सहज बसतील.” मी शिक्षक, हिशेब मांडून पाहिला. नाव चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. ती चौकोनी पेटी मानली तर तळाचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर होते. ती एक सेंटिमीटर खाली गेली की पन्नास लिटर पाणी बाजूस सारते, म्हणजेच पन्नास किलो भार पेलते. आर्किमिडीजचा नियम तो हाच. नावेचे स्वतःचे वजन शंभर किलो. आम्ही दोघे आणि मित्राचा चौदा वर्षांचा मुलगा मिळून पावणेदोनशे. एवढ्या भाराने नाव जेमतेम साडेपाच सेंटिमीटर बुडावी! नाळेकडे ती निमुळती, म्हणून थोडे अधिक धरा. काठ तर हातभर उंच. आम्ही निश्चिंत झालो.

चूक येथेच झाली. पहिल्याच फेरीत मुलाच्या गळाला मासा लागला. तो आनंदाने उभा राहिला, आणि मासा पाहावा म्हणून आम्ही दोघेही त्याच बाजूस वाकलो. काठ पाण्याला टेकला आणि भसकन पाणी आत आले. मुलाला पोहता येत नव्हते. तरंगती जाकिटे बाकाखाली बांधलेली होती. मी त्याला खाली ओढले, मित्र दुसऱ्या बाजूस सरकला, म्हणून निभावले.

लहान नाव बहुधा ओझ्याने नव्हे, कलण्याने दगा देते. ती कलली की बुडालेल्या बाजूस पाण्याचा रेटा वाढतो आणि तो तिला सरळ करू पाहतो. परंतु माणूस उभा राहिला की भार उंच जातो. तो रेट्याच्याही पलीकडे झुकला की नाव उलटते. शिवाय आत शिरलेले पाणी खालच्याच बाजूस धावून कलंडणे वाढविते. वसईकडे मासेमारी करणारे माझे मामा म्हणत, “आधी बूड टेकव, मग तोंड उघड.” त्यातील शास्त्र मला त्या दिवशी समजले.

पुढच्या खेपेस आम्ही गळ घरीच ठेवले. गुडघाभर पाण्यात नाव मुद्दाम पाण्याने भरली आणि ती तरंगत राहते की नाही ते पाहिले. जाकिटे काठावरच अंगात घालून बंद आवळले. मासा लागला की ज्याचा गळ त्यानेच बसून ओढावा, इतरांनी जागेवरून हलू नये, असा नियम केला.

आता मुलाला गांधीसागर खुणावतो. क्षिप्रेचे पाणी चंबळेतून तेथेच जाते. पण १९६० साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचा जलाशय अफाट आहे, आणि मोकळे पाणी जितके लांब तितक्या वाऱ्याने लाटा मोठ्या उठतात. तलावावर वर्षभर हात बसल्यावाचून तिकडे जाणे नाही, असे त्याला बजावले आहे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने मासेमारी बंद असते. ते दोन महिने आमची नाव अंगणात पालथी असते आणि मुलगा पोहावयास शिकतो. नाव घेण्यापूर्वीच जे करावयाचे, ते आम्ही नंतर केले. आपण तसे करू नये, एवढ्यासाठीच हे सांगणे.