छाती न उघडता हृदयाची दुरुस्ती

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. कुणाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र राहिलेले असते, कुणाची झडप नीट उघडत नाही, तर कुणाची जन्मानंतर आपोआप मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहते. यांतल्या बऱ्याच दोषांसाठी आता छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयापर्यंत नेऊन दुरुस्ती करता येते.

या उपचारातले पहिले मोठे यश छिद्र बुजवण्याचे नव्हते, ते पाडण्याचे होते. काही बाळांत महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच. बाळ जन्मल्यानंतर लवकरच निळे पडू लागते. १९६६ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी यावर केलेला उपाय प्रसिद्ध झाला. टोकाला फुगा असलेली नळी हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून, जन्मतः असलेल्या फटीवाटे, डाव्या कप्प्यात न्यायची, फुगा फुगवायचा आणि एका झटक्यात मागे ओढायचा. पडदा फाटतो, दोन्हीकडचे रक्त मिसळते आणि बाळ तगते. खरी दुरुस्ती पुढे ऑपरेशननेच होते. तरीही त्या ऑपरेशनपर्यंत बाळाला पोहोचवण्याचे हे काम आजही होते, कित्येकदा अतिदक्षता विभागात, इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर पाहत, बाळाच्या खाटेपाशीच.

१९८२ साली बाल्टिमोरच्या जीन कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याचा दुसरा उपयोग दाखवला. फुप्फुसधमनीच्या झडपेची पाने एकमेकांना चिकटलेली असतील, तर त्यांच्या मधोमध फुगा नेऊन काही सेकंद फुगवला की पाने सुटतात. या विकारात आज फुग्याचाच उपचार आधी केला जातो.

छिद्र बुजवण्याचे तंत्र मात्र बरेच उशिरा हाताळायला सोपे झाले. कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांनी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारांपासून विणलेले साधन तयार केले. डमरूसारख्या दोन तबकड्या आणि मधे बारीक कंबर, असा त्याचा आकार. ही तार ताणली की सरळ होऊन नळीत मावते आणि सोडली की मूळ आकारात येते. वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र बंद करताना डॉक्टर आधी पलीकडची तबकडी उघडतात, ती पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात आणि मग अलीकडची उघडतात. पडदा दोन तबकड्यांमध्ये धरला जातो. साधन अजूनही ते आत ढकलणाऱ्या तारेला स्क्रूने जोडलेले असते. इकोमध्ये ते वाकडे बसलेले दिसले तर पुन्हा नळीत ओढून घेता येते; सगळे मनासारखे दिसल्यावरच स्क्रू फिरवून सोडतात. या उपचाराची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात या परतीच्या वाटेवर उभी आहे. पुढच्या काही महिन्यांत साधनावर हृदयाचे स्वतःचे अस्तर चढते.

उघडी राहिलेली रक्तवाहिनीही अशीच बंद करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी बनवलेल्या एका इवल्या साधनाला अमेरिकेत २०१९ साली ७०० ग्रॅम वजनापासून वापरण्याची परवानगी मिळाली.

प्रत्येक दोष मात्र नळीने सुटत नाही. छिद्राभोवती साधन धरून ठेवण्याइतकी कड नसेल, छिद्र झडपेला अगदी लागून असेल किंवा रचना फार गुंतागुंतीची असेल, तर ऑपरेशनच बरे. साधन जागेवरून निसटणे, जांघेतली रक्तवाहिनी बंद होणे, ठोक्यांच्या लयीत बिघाड होणे हे धोके थोडे, पण खरे आहेत.

त्याहून महत्त्वाची आहे वेळ. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षे जादा रक्त फुप्फुसांत जात राहिले, तर तिथला दाब वाढतो. एका टप्प्यानंतर प्रवाह उलटा होतो आणि मग छिद्र बंद करणेच घातक ठरते. म्हणून दूध पिताना बाळाला दम लागणे, कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे, ओठ निळसर दिसणे, वारंवार न्यूमोनिया होणे यांतले काहीही दिसले, तर इको लगेच करून घ्यावा. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात हृदयदोषाचाही शोध घेतला जातो आणि गरज पडल्यास मुलाला पुढे पाठवले जाते.

छिद्र साधनाने बंद केल्यावर मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते. काही महिने रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन देतात, आणि पहिले सहा महिने दात काढण्यासारख्या उपचाराआधी अँटिबायोटिक लागते. झडप फुग्याने उघडली असेल, तर ती पुन्हा आकसते का किंवा गळते का, हे पाहण्यासाठी इको मोठेपणीही चालू ठेवावा लागतो.