सेतार ते सतार

फारसीत ‘से’ म्हणजे तीन. इराणचं सेतार आजही अंगानं लहानच आहे: तुतीच्या लाकडाचं पोकळ पोट, बारीक लांब दांडी, आतड्याच्या दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येणारे पडदे. छेडायला तर्जनीचं नख पुरतं. तारा आता चार आहेत. चौथी मागाहून आली, तरी नाव बदललं नाही.

त्याचा गोतावळा मोठा आहे. खोरासानात दोन तारांचा दोतार, कर्मानशाहकडे यारसान पंथीयांना पवित्र असलेला तंबूर, काश्मीरच्या सूफियाना संगीतात सेहतार. ‘तार’ नावाच्या वाद्याला तर दोन फुगीर पोटं आणि वर कोकराचं पातळ कातडं असतं.

छत्रपती संभाजीनगरचा या घराण्याशी धागा एका ग्रंथातून जुळतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. 1738 मध्ये निजाम आसफजाह दिल्लीला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत दरगाह कुली खान हा तरुण सरदार होता. पुढे तो इथला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा, सुभेदार झाला. नादिरशहानं दिल्ली लुटली त्या काळातले तिथले दर्गे, बाजार, कवी, गाणारे-वाजवणारे त्यानं फारसीत टिपून ठेवले. तोच ‘मुरक्का-ए-दिल्ली’. सतारीच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक त्यात आहे, तोही बीनकार सदारंग यांच्या घरातल्या वादकाच्या संदर्भात. अमीर खुसरौंनी सतार घडवली, असं अजून सांगितलं जातं. पण ते 1325 मध्येच वारले आणि त्यांच्या लेखनात तिचं नाव नाही.

भारतात आल्यावर या वाद्याचा आवाजच बदलला. इराणी वादक सुरांमधल्या सुरांसाठी जास्तीचे पडदे बांधतो. आपला वादक एकाच पडद्यावर तार आडवी ओढून मींड काढतो, म्हणून पडदे धातूचे, कमानदार. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सेतारला अरुंद, आपल्या सतारीला रुंद. तिच्या किंचित उतरत्या पाठीला तार घासत थरथरते, त्यातून येते ती जवारी.

जवारीचं हे काम मिरजेत पाहावं. एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तिथे सतार बनवण्याचा व्यवसाय रुजवला. ‘सतारमेकर’ हे आडनावच झालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तूनचं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढायला कारागीर घोडीची पाठ कानशीनं हलकीच घासतो, तार छेडून कान देतो, पुन्हा घासतो. अंगठ्यानं पाठ चाचपतो आणि परत तार चढवतो.