रात्रपाळीवरचा क्रॉन

रात्री अडीच वाजता आपण एकतर गाढ झोपलेलो असतो, नाहीतर रील्स बघत असतो. त्याच वेळी कुठल्यातरी सर्व्हरवर वेबसाइटचा बॅकअप घेतला जात असतो, जुन्या फाइल्स साफ होत असतात. तिथे माणूस कुणीच नसतो. ही रात्रपाळी करतो तो क्रॉन!

क्रॉन म्हणजे युनिक्समधला एक छोटासा प्रोग्रॅम. नाव ग्रीक 'क्रोनोस'वरून, म्हणजे काळ. त्याची आजची बरीचशी रूपं पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीवरून आलीत. वयाने तो आपल्यापेक्षा मोठाच. काम एकच : दर मिनिटाला उठायचं, यादी बघायची, या मिनिटाचं काही असेल तर उरकायचं. या यादीला म्हणतात क्रॉनटॅब. प्रत्येक ओळीत पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आणि शेवटी कमांड. '३० २' लिहून पुढे तीन स्टार दिले की रोज रात्री अडीचला काम होणार. स्टार म्हणजे 'कुठलाही चालेल'.

सोपंय ना? थांबा. बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुमचा 'रात्री अडीच'चा बॅकअप मग भारतात सकाळी आठला सुरू होतो, नेमका लोक साइट उघडतात तेव्हा. तारखेत १३ आणि वारात शुक्रवार लिहिलात तर १३ तारखेचा शुक्रवारच मिळेल असं वाटतं. क्रॉन मात्र दर १३ तारखेलाही काम करतो आणि दर शुक्रवारीही. हाताने चालवलेली स्क्रिप्ट मस्त चालते आणि क्रॉनमधून गप्प पडते, हे तर नेहमीचंच. कारण तुमच्या टर्मिनलला ठाऊक असलेले सगळे रस्ते क्रॉनला ठाऊक नसतात. कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

पण खरी भीती वेगळीच आहे. काम बंद पडलंय हे कळलंच नाही तर?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत एक इंजिनीअर रात्री उशिरा डेटाबेसची अडचण सोडवत होता. दुसऱ्या सर्व्हरवरचा समजून त्याने मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवायला घेतला. लक्षात येईपर्यंत साधारण ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, रोजचा बॅकअप आहे की! उघडून बघतात तर जागा रिकामी. बॅकअप घेणारं टूल ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६चा, त्यामुळे दर वेळी एरर येऊन काम अर्धवट सुटत होतं. क्रॉनने तक्रारीचे ईमेलही पाठवले होते. पण त्यांवर हवी ती सही नसल्याने समोरच्या मेल सर्व्हरने ते नाकारले. बिचारा ओरडत होता आणि कुणाला ऐकूच जात नव्हतं!

कंपनी वाचली ती योगायोगाने. सहा तास आधी एकाने चाचणीसाठी हाताने एक कॉपी घेऊन ठेवली होती. तरी सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कमेंट्स आणि ७०० नवी खाती यांची नोंद गेली. कौतुकाची गोष्ट म्हणजे दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि काय चुकलं ते सविस्तर लिहून जाहीरही केलं. असं किती कंपन्या करतील?

कॉलेज फेस्टची साइट सांभाळणाऱ्यांनो, 'काम बिघडलं तर मेल येईल' यावर विसंबू नका. उलटं करा. काम नीट झालं की क्रॉनने 'झालं' असा निरोप द्यायचा, आणि ठरल्या वेळी निरोप आला नाही तर दुसऱ्याच मशीनने तुम्हाला उठवायचं. महिन्यातून एकदा कालचा बॅकअप वेगळ्या मशीनवर उघडून बघा. रजिस्ट्रेशनची नावं त्यात दिसली, तरच तो बॅकअप.

आणि हो, यादी बदलायची तर 'क्रॉनटॅब'पुढे 'ई', पूर्ण उडवायची तर 'आर'. कीबोर्डवर दोघं शेजारी-शेजारी, आणि 'आर' सहसा काही विचारत नाही. आधी 'एल' देऊन यादीची कॉपी काढून ठेवा.